आईचं एक वाक्य

ता. ९, रविवार

धाकटे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. त्यातलं एक तुझ्याइतकंच हट्टी निघालंय. आईही बरी आहे, थोडी थकलीय एवढंच.

त्या दिवशी तुमच्या बँकेत आम्ही बायका एकच मागायला आलो होतो: आमचं जंगल खोदणाऱ्या कोळसा कंपनीला दिलेला पैसा काढून घ्या. साहेबांना आपली बोली येईना, म्हणून त्यांनी ऑफिसातली दुभाषी बोलावली, आणि दारातून आलीस तू. इस्त्रीचा कोट, गळ्यात ओळखपत्र. मी उठणार, तेवढ्यात आईने टेबलाखाली माझा हात दाबला. "ती दिसली तर कुणी ओळख दाखवायची नाही, तिच्या नोकरीवर गदा येईल," असं तिने बसमध्येच सगळ्यांना दटावलं होतं. मावशीनेसुद्धा तोंड बंद ठेवलं, म्हणजे बघ!

तू आईला विचारलंस, "आपलं नाव?" तिने पूर्ण नाव सांगितलं.

मग ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तिथं पुरलंय. खाण त्याच्यापाशी आलीय." साहेबांनी तुला बजावलं होतं, बाईच बोलतेय असं वाटलं पाहिजे, शब्दाला शब्द. आणि तू काय सांगितलंस? "या भूमीशी माझं भावनिक नातं आहे." साहेबांनी मान डोलावली, चहा मागवला. अगं, साहेबांची भाषा आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलो, विसरलीस होय? मला भयंकर राग आला होता. अजून आहे.

परतताना आई मात्र खूश. "बोली विसरली नाही गं ती. किती गोड बोलते." तू काय सांगितलंस ते मी तिला कळू दिलेलं नाही.

खाणीचं कुंपण आता बाबांच्या जागेला टेकलंय. पुढचं कर्ज मंजूर झालं की मशीन आत शिरणार. त्याआधी शुक्रवारी साहेबांनी आम्हाला शेवटचं बोलावलंय.

आई बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. कोळशाच्या धुळीने तिची छाती भरलीय. अंथरूण सुटत नाही, पाणी चमच्याने पाजते. शुक्रवारी ती येणार नाही. तिच्या खुर्चीवर मी बसेन आणि तिचं वाक्य मी बोलेन, साहेबांची भाषा येत असली तरी आपल्या बोलीतच. पण मला 'नवरा' म्हणता यायचं नाही. मी म्हणेन, "माझ्या बाबांना तिथं पुरलंय."

मग तू ते साहेबांना सांग. शब्दाला शब्द. "माझ्या बाबांना" असंच म्हण, तुझ्या तोंडाने. ओळख मी दाखवणार नाही, आईला शब्द दिलाय.

तुझी ताई,
शुक्रवारी पुन्हा अनोळखी