भाजी तुम्हीच करा

मुतिंताचे बाबा,

पहाटे चोमाहून फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्यात, मी पहिल्या बसने निघतेय. कितीतरी महिन्यांनी तुम्ही घोरत होतात, म्हणून उठवलं नाही.

पातेल्यात घेवडा भिजवलाय. भोपळ्याची पानं ओल्या फडक्यात आहेत. शिरा सोलून शिजवा आणि शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घाला. चहा मात्र एकदाच, दुसऱ्या कपाने तुमची छाती धडधडते.

आत्ता नळावर लुयांदोची आई भेटली. म्हणाली, "त्यांना एकटं टाकून चाललीस? आणि दवाखान्यात त्यांच्या भीतीच्या झटक्यांवर कच्चा पाला खायला सांगितला होता, त्याचं काय?"

मी म्हटलं, "कच्चा पाला ते ताटात तसाच ठेवायचे. त्यांनी नर्सबाईंना तोंडावर सांगितलं, मी बकरी नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग शिजवून खा, पण वेळेवर खा. तेव्हापासून आमच्याकडे भाजी तेच करतात, आणि माझ्यापेक्षा चांगली करतात." बिचारी बादली उचलून गेली.

भीती दाटून आली तर अंगणात बसा, श्वास सावकाश सोडा. ती येते तशी जाते, हे तुम्हीच मला शिकवलंत. फारच वाटलं तर फोन करा, मी उचलेन.

तिकडे सगळ्या जणी विचारतील, नवऱ्याला कोणाच्या भरवशावर ठेवून आलीस. मी मान वर करून सांगणार आहे, त्यांच्या स्वतःच्या.

मुतिंताची आई