तळ दिसेनासा झाला

९ फेब्रुवारी
आज तळ्यातलं गवत उपसायला सुरुवात झाली. राहू दे म्हटलं तरी रघुदादाने ऐकलंच नाही! परवा एका बोटीचं पॅडल गवतात अडकलं, आतल्या बाई किंचाळत सुटल्या, मीच उतरून बोट काठाला ओढली. त्यावर दादा — "बोटिंगचं तळं आहे की भाताचं शेत?" त्याचंही चुकत नाही. बागेतल्या तळ्याचं कंत्राट त्याचं, लोकांची बोलणी तोच खातो. मी आपला लाइफगार्ड. छातीएवढ्या पाण्याचा! डिलाईल रोडवरचे मित्र हसतात — "बुडणाऱ्याला सांग की, बाबा, उभा राहा."

संध्याकाळी काठावर गवताचा ढीग. त्यात बारके मासे तडफडत होते. उचलून परत टाकले, जमतील तेवढे.

१० फेब्रुवारी
नम्रता मॅडम आल्या. परळच्या कॉलेजात शिकवतात, अधूनमधून पाणी तपासायला येतात. दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडायची, कुठवर दिसते बघायचं. आज तळापर्यंत दिसली.
दादा खूश. "बघा, काच आहे काच!"
"ही काच गवतामुळे आहे," मॅडम म्हणाल्या. "आता गाळ धरून ठेवायला काही राहणार नाही. गवत जे खत खायचं ते आता शेवाळ खाणार."
दादा हसला. मी नाही हसलो.

२ मार्च
पाण्यावर हिरवट झाक. दादा म्हणतो, उन्हाने.

१९ मार्च
झाकबिक काही नाही — हिरव्या चटणीत तांब्याभर पाणी ओतावं तसं झालंय. हात घातला, कोपरापर्यंत गेला आणि पंजा गायब! आधी धक्क्यावरून पडलेलं नाणं दिसायचं.

उतरून बघितलं. वरचं पाणी कोमट, गुडघ्याखाली एकदम गार. पाय गाळात रुतले आणि नासक्या अंड्यासारखा वास वर आला. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, शेवाळामुळे ऊन वरच अडतं, वारा नसला की दोन थर पडतात, खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. "मासे मरतील, उन्मेष."
मासे जाऊ देत. माणूस पडला तर मला दिसणार कसा?

२० मार्च
मासे मेले. सकाळी सगळे पांढरी पोटं वर करून!
दादाला म्हटलं, बोटी बंद ठेव. "मेल्या, सुट्ट्या तोंडावर आल्यात! जॅकेटं आहेत ना?" त्याच्याशी काय भांडणार? नोकरी त्यानेच दिली, आईच्या आजारपणात धावला तोच. पण बसवत नाही. दिवसभर धक्क्यावर येरझाऱ्या. प्रत्येक बोटीतली डोकी मोजतो, परत मोजतो.

१ एप्रिल
अण्णा आज बोललेच नाहीत. लालबागचे म्हातारे, मिलमधून रिटायर. बायको गेल्यापासून रोज दुपारी येतात, एकटेच बोट घेतात. एरवी माझ्या लग्नाची चौकशी करून पिडतात. आज नुसतं पाण्याकडे बघत बसले. निघताना म्हणाले, "काय झाला रे ह्या तळ्याचा!"

८ एप्रिल

दुपारी वारा नव्हता. तळ्यावर एकच बोट, अण्णांची. मी नळावर तोंड धुवायला गेलो. आलो तर बोट मोकळी! जॅकेट सीटवर. उकडतंय म्हणून काढलं असेल. पाण्यावर काही नाही. बुडबुडासुद्धा नाही.

उडी मारली. डोळे उघडे ठेवून काय उपयोग, सगळं हिरवंच. पायाने चाचपत गेलो — गाळ, गाळ, गाळ. मग कापड लागलं. सदरा. खेचून वर काढलं, धक्क्यावर आणलं, छाती दाबत राहिलो. दादा बाजूला रडत होता. "अण्णानू, उठा! अण्णानू!" मोठी उलटी झाली आणि ते खोकले.
तो खोकला मी जन्मात विसरणार नाही.

९ एप्रिल
दादाला वाटेल ते बोललो, सगळ्यांदेखत. पाणी आधीसारखं असतं तर अण्णा धक्क्यावरून दिसले असते! मला वाटलं, हाकलणार. खाली मान घालून ऐकलं त्याने. मग स्वतःच तिकिटाच्या खिडकीला कुलूप लावलं.

१३ एप्रिल
मॅडम, दादा आणि मी असे बसलो. अर्ध्या तळ्याला दोरी घालायची, तिथे बोट न्यायची नाही, मॅडम दुसऱ्या तळ्यातलं गवत आणून लावणार. वर्ष तरी जाईल म्हणाल्या. दादा 'हो' म्हणाला! बागेत मला लोक थांबवून हात मिळवतायत. आईने गोड केलं. पहिल्यांदाच जरा शांत वाटतंय.

१६ एप्रिल
अण्णांना हॉस्पिटलमधून घरी सोडलं. भेटायला गेलो, गवताचं सगळं सांगितलं, परत तळ दिसेल म्हटलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी पडलो नव्हतो रे. तळ दिसायचा तोवर धीर होत नव्हता."
 त्यांचा हात धरून बसलो, अंधार पडेपर्यंत. उद्या येतो म्हटलं. म्हणाले, "ये."