मायचं रगत, माझं रगत

४ मार्च ९६, सोम.
बाळीचं न्हाणं. माय पाय पसरून बसली, बाळीला पायावर घेतलं अन् चुलीवरचं कढत पाणी तसंच तांब्यात. गार पाण्याचं इसण घातलंच न्हाई. मी हात धरला म्हणून बरं. माय म्हणली, "कावून वरडायलीस? तुला कुणी न्हाऊ घातलं, तुझ्या सासूनं?"
माझा हात पोळलाय.

७ मार्च, गुरु.
अण्णा आमाला आंबाजोगाईला घिऊन गेलते, मोठ्या दवाखान्यात. मायला अजून पन्नाशी न्हाई. डॉ. बाई म्हणल्या, हा इसरायचा रोगच हाय. अंगात रोगाशी भांडणारी फौज आस्ती म्हणं. मेंदू बिघडायच्या आधी ती रगतात खुणा सोडती का, ते बाई शोधायल्यात. मायचं रगत घेतलं. माय म्हणली, "एवढं काढलंव, च्या तरी पाजा." बाई हसल्या. मग मला, "तुझंही देतेस? कधीकधी लेकीत उतरतं."
अण्णा म्हणले, "माझ्या लेकीचं कशाला? वली बाळंतीण हाय."
मी हात पुढं केला. कावून केला काय म्हाईत.

१९ मार्च, मंगळ.
आता मीच न्हाऊ घालते. माय रुसली.
भाजीत मीठ टाकलं का न्हाई, आठवंना. चाखली. टाकलं होतं. तरी परत चाखली.

३ एप्रिल, बुध.
परत दवाखान्यात गेलतो. मायच्या रगतात फौज उठलीय. माझ्यातबी, थोडी.
बाई म्हणल्या, "घाबरू नको. बाळंतिणीच्या रक्तात असं दिसतं. त्यामुळं आहे की दुसऱ्या कशामुळं, मला आज ओळखता येत नाही. दिवाळीच्या सुमाराला परत ये."
"तव्हाबी दिसलं तर औषिद हाय का?"
"नाही. खोटं कशाला सांगू?"

५ एप्रिल, शुक्र.
बाळीचे पप्पा न्यायला आलेत. उद्या सकाळची गाडी. अण्णांनी शपथ घातली, सासरी रगताचं बोलायचं न्हाई. "घराण्यातच येड हाय म्हणतील. उद्या हिचं लगीन कोण करंल?" बाळी अजून मान धरत न्हाई अन् तिचं लगीन.
सांजच्याला माय म्हणली, "तू जा. पोरगी हितंच ऱ्हाऊ दे, मी संबाळते."
मी बाळीला छातीशी वढलं. मायनं बघितलं. ते मातर तिला लगीच कळालं. उठून भाईर गेली.
दिवाळीला माहेरी येईन. तव्हा रगत द्यायचं का न्हाई, अजून ठरंना.