कलम सात आणि गॅलरीतल्या बाई

सोमवार, ४ मार्च
सुरुंगबंदीच्या वाटाघाटी सुरू. माझ्याशिवाय हा करार होत नाही, हे राजदूत साहेबांनाही आतून ठाऊक आहे. तोंडाने कबूल करत नाहीत, एवढंच. कलम सात माझ्याकडे: पेरलेले सुरुंग 'दहा वर्षांच्या आत' काढायचे. जेवणाच्या सुट्टीत एक शाळेतल्या बाई भेटल्या. एक पाय नाही, कुबड्या. शाळेमागच्या मैदानात अजून सुरुंग आहेत. मुलांना रांगेत, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवायला लावून नेतात. प्रेक्षकांच्या गॅलरीत शेवटपर्यंत बसायचं म्हणून आलेल्या. मी म्हटलं, "बाई, खुशाल घरी जा. कलम सात माझ्यावर सोडा." संध्याकाळच्या गाडीने गेल्यासुद्धा. शब्दाला वजन असावं लागतं.

मंगळवार
'दहा वर्षांच्या आत' या शब्दांना कुणीतरी कंस घातले. कंस म्हणजे अजून एकमत नाही. कडाडून विरोध करणारच होतो, तेवढ्यात कॉफी ब्रेक झाला. वर गॅलरीत बाई दिसल्या. म्हणजे गेल्याच नाहीत? विश्वासच नाही लोकांचा. मी हात केला. त्यांनी नाही केला.

बुधवार
कंसात पर्याय आला: 'शक्य तितक्या लवकर'. चक्क! संकल्प: उद्या घणाघाती भाषण. आज एका स्वल्पविरामावर घणाघाती बोललो आणि जिंकलो. बाई वर होत्याच. पापणी लवत नाही त्यांची. बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, काहीतरी कबूल करून विसरलात की तुम्हाला असंच होतं. हिला डिप्लोमसी काय कळणार! लिफ्टमध्ये कुबड्यांची टकटक. आत मी एकटाच. पाइप वाजत असतील.

गुरुवार
अध्यक्षांनी फायनल ड्राफ्ट पाठवला. कलम सातात कंस गेले, दहा वर्षंही गेली; उरलं नुसतं 'शक्य तितक्या लवकर'. आमची पद्धत अशी, की उद्या बारापर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर ड्राफ्ट मंजूर. गप्प बसणं म्हणजे होकार. साहेब म्हणाले, घ्यायची तर घे हरकत, पण पुढच्या समितीसाठी तुझं नाव चाललंय. माझा डावपेच ठरला: आधी बाकीच्यांना बोलू द्यायचं, मग आपण निर्णायक घाव घालायचा.

शुक्रवार, सकाळी ११.४०
हरकत टाइप करून तयार. फक्त 'सेंड' दाबायचं. अजून कुणीच बोललेलं नाही. पहिला वाईटपणा आपणच का घ्या? टकटक दारापर्यंत आली. थांबली. मी दार उघडलं नाही. घाबरलो होतो, दुसरं काय.

दुपारी २
करार मंजूर. सगळेच दुसऱ्याची वाट बघत बसले होते म्हणे. टाळ्या. अध्यक्षांनी 'विधायक सहकार्या'बद्दल माझे खास आभार मानले. बाईंना नीट समजावून सांगावं म्हणून वर गेलो. गॅलरीला कुलूप. रखवालदार म्हणाला, मंगळवारपासून रंगकाम चालू आहे, वर कुणालाच सोडलेलं नाही.
तिथेच पायरीवर बसलो.

शनिवार
बाईंचा फोन. शाळेतून. सोमवारीच पोचल्या होत्या. टीव्हीवर टाळ्या बघितल्या म्हणाल्या. मागे मुलांचा कलकलाट.
"साहेब, मुलांना सांगू ना, आपलं मैदान मोकळं होणार म्हणून?"
खरं सांगायचं ठरवलं होतं. वाक्य जुळवत होतो. जुळेना. बाई बराच वेळ थांबल्या.
"बरं. सांगते मग," म्हणाल्या.
फोन कानालाच होता. त्यांनी सांगितलं. मुलं आनंदाने ओरडली.