विहिरीजवळचा तुकडा

केम, मंगळवार, जून १९७४

आज डोकं पार फिरलं. शेती शिकवायची बायकांना आणि उत्तरं द्यायची त्यांच्या नवऱ्यांनी.

शांताच्या सासऱ्यांनी विहिरीजवळचा तुकडा या हंगामापुरता तिला दिलाय, नुसत्या कंपोस्ट खतावर पीक काढून दाखव म्हणून. त्यासाठी मी किती खेटे घातले. आज बायका तिथे जमल्या, तर शांताचा नवरा धोंडीबा खताच्या खड्ड्याच्या काठावर आधीच बसलेला. मी शांताला विचारलं, "खत कुजलं हे कशावरून ओळखायचं?" तिने तोंड उघडायच्या आत हा म्हणतो, "बाई, तिला काय इचारता? मला इचारा की." पुढच्या प्रश्नालाही तेच. काठावरून हलेना. वर म्हणाला, "हितं मी पोत्यातलंच खत टाकणार हाय."

म्हणजे रासायनिक खत. सगळंच मुसळ केरात. भांडले असते तर तुकडा गेला असता. की भांडायलाच हवं होतं?

तेवढ्यात शांताने फावडं त्याच्या हातात दिलं. "तुमाला एवढं कळतंय, तर खड्डा उपसा. तवर मी बाईंशी बोलते. आबांनी तुकडा मला दिलाय. काय टाकायचं ते मी बघीन."

बायका पदराआड हसल्या. उठून जावं तर आणखी हसतील, म्हणून धोंडीबा खड्ड्यात उतरला. मग शांता बोलली, दोनदा चुकली, पण बोलली.

निघताना घाम पुसत त्याने मलाच विचारलं, "बाई, पुढल्या मंगळवारी किती वाजता यायचं?"

वेळ सांगितली.