दिव्यातली पांढरी ओळ

प्रिय रॉलिन,

हे पत्र दिव्यालाच चिकटवून ठेवते आहे. उद्या चर्चच्या हॉलमध्ये मत्स्यपेटीत ठेवायच्या जिवंत प्रवाळांचा बाजार आहे, म्हणजे सकाळी उठून तू आधी यालाच हात लावशील. मी पुन्हा पुन्हा हात धुतले, तरी बोटांना त्या बरणीचा वास येतोच आहे. उन्हात सडलेल्या शिंपल्यांसारखा.

तळघरातल्या तुझ्या विक्रीच्या प्रवाळांसाठी हा दिवा करताना मी किती खूश होते! आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि माझं शिक्षण पहिल्यांदाच घरच्या कामी येत होतं. तू अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून दिलीस. मी नाण्याएवढे एलईडी एकेक करून तिच्यावर बसवले, सोल्डर केले, कुठे तार उघडी तर नाही ना म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं. पाण्याशेजारी वीज म्हटली की मला धास्तीच. जुन्या कॉम्प्युटरचा पंखाही लावला. निम्मे पांढरे, निम्मे निळे असं मी ठरवलं होतं. तू म्हणालास, "पांढरे कशाला? सगळे निळेच भर. निळ्यात माल कसा पेटल्यासारखा दिसतो!" मला वाटलं, प्रवाळांना तेच मानवत असेल.

मग गेल्या बाजारात मिसेस फॅरिस आल्या. नवऱ्याला अर्धांगवायू झालाय, दिवसभर तो मत्स्यपेटीसमोर खुर्चीत बसून असतो, असं त्या सांगत होत्या. तू म्हणालास, "घेऊन जा हो, असं हिरवं प्रवाळ अख्ख्या ओहायोत मिळायचं नाही. हँक बघत राहील नुसता!" त्या कशा हरखून ते घेऊन गेल्या होत्या.

मंगळवारी त्या मेलेलं प्रवाळ बरणीत घालून परत घेऊन आल्या, तेव्हा मी तळघरात पंखा साफ करत होते. तू बरणी उघडलीसुद्धा नाहीस. "तुमच्या टाकीचं पाणीच खराब असणार," एवढंच म्हणालास. आणि रॉलिन, त्या बाईने तुझी माफी मागितली! "माझंच चुकलं रे बाळा. मला नाही जमत हे. रविवारी टाकी रिकामीच करून टाकते. हँकला काय सांगायचं ते बघते." तू मान डोलावलीस. त्यांना दारापर्यंत सोडून आलास.

त्या गेल्यावर मी बरणी उघडली. आत तपकिरी, शेंबडासारखं काहीतरी साचलेलं, आणि त्यात पांढरा सांगाडा. मग तुझ्या विक्रीच्या ट्रेवर मी साधी बॅटरी मारली. निळ्यात हिरवंगार पेटलेलं एकेक प्रवाळ पांढऱ्या उजेडात मळकट होतं, आणि कडेच्या सगळ्या तुकड्यांवर तोच शेंबूड चढत होता. तुला विचारलं, तर हसलास. "अगं मार्ली, मांसाच्या दुकानात लाल दिवे नसतात का? कॉलेजात जाऊन भलतीच सोवळी झालीस तू." म्हणजे तुला माहीत होतं. आणि ते रोगट तुकडे ज्याच्याखाली चमकत होते, तो दिवा माझ्या हातचा होता.

आज दुपारी तू कामावर होतास तेव्हा मी या दिव्यात पांढऱ्या एलईडींची एक ओळ बसवली आहे. तिला वेगळं बटण दिलेलं नाही. निळे लागले की पांढरे लागणारच. नको असेल तर काढून टाक, पण सोल्डरिंग आयर्न मी माझ्यासोबत नेते आहे. तुझ्या पाठीमागे काही केलं असं व्हायला नको, म्हणून हे लिहिलं. धडधाकट तुकडे निवड आणि तेवढेच मांड. ते पांढऱ्यातही चांगले दिसतात, मी पाहिलेत. आणि आता मी मिसेस फॅरिसकडे निघाले आहे. टाकी रिकामी करू नका, तुमचं पाणी चांगलं होतं, हे त्यांना सांगायला. मग ते प्रवाळ मेलं कशाने, आणि तुला ते माहीत होतं का, हे त्या विचारतील. मी खरं तेच सांगणार आहे.

तुझीच बहीण,
मार्लीस