बाबांची पत्र्याची होडी

ती. क्षितिजाताई,

कशेळीहून तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे भावेशचा, वाकून नमस्कार. कोलशेतला तुम्ही सगळे मजेत असालच. भावोजींना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, ते किती दिवस टिकलं तेही कळव. आईची तब्येत उत्तम आहे आणि आवाज त्याहून उत्तम. बाबांविषयी मात्र सविस्तर लिहावं लागेल.

शेवटचं शेत गोडाऊनला गेल्यापासून बाबा ओटीवर खुर्ची टाकून कंटेनर रिव्हर्स येताना बघत बसायचे, हे तू पाहिलंच आहेस. पावसाळ्यानंतर त्यांनी बोलणंही सोडलं आणि अर्धी भाकरी परत जायला लागली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कशात तरी गुंतवा. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय पायजे?" म्हणाले, "होडी." (वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं.) लाकडाची होडी आता कोण बनवतो, असं म्हणून मी सुटायला बघितलं, तर म्हणाले, "तुझ्याकडं पत्रा हाय ना? मंग कर."

शेलार गावातल्या आपल्या वर्कशॉपात गोडाऊनचे रॅक होतात, हॉटेलांच्या चिमण्या होतात. होडी होत नाही असं म्हणायची सोय नव्हती. पण बापाला खाडीत ढकलायचंही जिवावर येत होतं. तेव्हा आज्ञाधारक मुलानं जे करावं तेच मी केलं. फसवलं.

पहिली होडी साध्या लोखंडाच्या पत्र्याची केली, मुद्दाम जाड. हा पत्रा वाकवाल तसा वाकतो, वेल्डिंग छान घेतो आणि वजनाला गाभण म्हशीसारखा असतो. हलत नाही म्हटल्यावर बाबा नाद सोडतील, असा माझा हिशेब. बाबांनी गोडाऊनवाल्याची फोर्कलिफ्ट मागवली (वर्षभर ते त्या माणसाचं तोंड बघत नव्हते, त्या दिवशी त्याला चहा पाजला). होडी तरंगलीसुद्धा! मात्र तिला रंग द्यायला मी विसरलो होतो, म्हणजे लक्षात ठेवून विसरलो होतो. खाऱ्या पाण्यानं तीन आठवड्यांत ती तांबडीलाल झाली.

मग बाबांनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मागितला. छपराला आणि एसीच्या डक्टला आपण तोच लावतो, तो लवकर गंजत नाही. पण वेल्डिंग केलं की सांध्यावरचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच शिरतो. हे मला माहीत होतं, बाबांना नव्हतं. आपला वेल्डर काळूराम याला मी गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा येऊन सांध्यावर बोट फिरवत म्हणाले, "ही हितनं कुजंल." तेव्हा काळूराम छताकडे बघत होता. स्टेनलेस स्टीलचं नाव निघालं, तर मी सांगितलं की सगळा पत्रा एका हॉस्पिटलच्या सिंकमध्ये जाणार आहे, दोन महिने थांबा. बाबा बरं म्हणाले. इतक्या पटकन बाबा कधी बरं म्हणतात का? पण मी मूर्ख, वसईला चार दिवसांच्या कामाला निघून गेलो.

परत आलो तर वर्कशॉपात अ‍ॅल्युमिनिअमची होडी तयार! बाबांनी खडूनं जमिनीवर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आखली होती, काळूरामनं आरगॉन गॅसच्या वेल्डिंगनं सांधे मारले होते, आणि दोघं एका डब्यातून भाकरी खात भांडत होते. ताई, बाबा खच्चून शिव्या देत होते गं. चार महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. काळूरामला बाजूला घेऊन झापायला गेलो, तर तो म्हणाला, "शेठ, चार दिवस त्यांनी आख्खी भाकरी खाल्ली. मना न्हाय म्हनवलाच न्हाय."

रविवारी भरतीला होडी पाण्यात घातली. आईच्या हुकमानं मीही आत बसलो. लोखंडाच्या मानानं अ‍ॅल्युमिनिअमचं वजन तिसरा हिस्सा, त्यामुळे होडी पिसासारखी डुलते. काठापासून वीस फुटांवर ती उलटली. कारणांत मी शिरत नाही. बाबांचं वय झालंय एवढंच म्हणतो. दोघं चिखल तुडवत बाहेर आलो. माझा फोन अजून खाडीतच आहे, म्हणून हा पत्राचा खटाटोप. आई काठावरून जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटी घरातला कर्ता म्हणून मी होडी खाडीकाठच्या शेडमध्ये कुलूपबंद केली. बाबा पुन्हा बरं म्हणाले. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भावेश

ता. क. खरं काम आता लिहितो. बाबा आठ दिवस तुझ्याकडे राहायला येतायत, हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. त्यांना बसमध्ये बसवूनच परततो. तुमच्याकडेही हीच खाडी आहे, तिच्या बाजूला फिरकू देऊ नकोस. तोवर मी होडी भंगारात घालतो.

ता. क. दुसरा (पेन्सिलीनं): क्षितिजे, पाकीट फोडून वाचला. होडीत मी न्हाय, ह्योच उभा ऱ्हायला, फोटो काढाया. बस पुढच्या नाक्यावर सोडली. काळूरामकडं दुसरी चावी व्हती. वहोटीबरोबर आलो, तुमच्या जेट्टीला हाय. चिठी जेट्टीवरच्या एका पोराच्या हाती वर धाडतो. चप्पल काढून खाली ये नि दोर धर. भरती लागली का तुला एक फेरी मारून आनतो.